सहा आठ ते सहा बारा

"जरा उजळ करून द्या," वाळिंबेबाई म्हणाल्या,
चित्र काउंटरवर पालथंच ठेवत.
बावधनच्या नव्या फ्लॅटमध्ये भिंती पांढऱ्या.
सून म्हणते, हे लावलं की हॉलमध्ये संध्याकाळ होते.

मी सुलट केलं.
पुठ्ठ्यावर तैलरंग, सोळा बाय बावीस,
वेताळ टेकडीवरची खाण.
कापलेला काळा दगड, खाली पाणी,
पाण्यात तोच दगड, थोडा जास्त काळा.
झाड म्हणायला एक बोर, तीही पाठमोरी.
माणूस नाही, गुरं नाहीत.
आकाश असं, की कुणी बोलता बोलता थांबावं
आणि ऐकणाऱ्याला पुढचं कळावं.

पन्नास वर्षांचा उदबत्तीचा धूर, स्टोव्हची काजळी.
मलाही वाटलं, अंधार वरचाच असेल.
फडके हौदापाशी तीस वर्षं चौकटी ठोकतोय,
लोक ज्याला उदास म्हणतात
ती निम्म्या वेळा धूळ निघते.

काडीला कापूस गुंडाळला, थुंकीत भिजवला
(हो, थुंकीच. तिच्याइतकं हळुवार दुसरं काही नाही)
आणि डावा कोपरा पुसायला घेतला.
पिवळं निघत गेलं, चहाच्या फडक्यासारखं.
खालून आलं ते आणखी गार:
राखेतला निळा, जांभळाच्या सालीचा,
आणि एक रंग, ज्याला नाव नाही,
निवलेल्या पातेल्याच्या बुडाला असतो तो.
अंधार गेला नाही.
अंधार स्वच्छ झाला.

जुनी चौकट उचकटली तेव्हा कडेची बोटभर पट्टी उघडी पडली,
जिला ना ऊन लागलं होतं, ना धूर.
तीही तेवढीच काळी.
म्हणजे माणसाने ठरवून लावला होता.

मागे पेन्सिल. शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांचं अक्षर,
फळ्यावर लिहिल्यासारखं सरळ.
डिसेंबर ७३. ६.०८ ते ६.१२.
"३ : ढग."
"९ : दगड नीट, पाणी खोटं."
"१४ : उशीर झाला, नुसता बसलो."
"२२ : जांभळा कमी कर."
"२९ : मिळाला."
त्यापुढे कोरा पुठ्ठा, आणि वाळवीची एक वाट.

रविवारी गेलो टेकडीवर. धंद्यासाठी नाही, असाच.
पळणारी माणसं, कानात बोंडं,
एक कुत्रं, दोन मोर, कुणाच्या तरी वाढदिवसाचे फुगे.
सहा वाजता सगळं पिवळं होतं, सहा पाचला गुलाबी,
फोटो काढून लोक उतरले.
मग खाण एकटी पडली.
दगडाने दिवसभराचं ऊन परत केलं, पाण्याने घेतलं नाही,
आणि मधल्या फटीत तो रंग आला,
पातेल्याच्या बुडाचा.
घड्याळ पाहिलं. चार मिनिटंही नाहीत.
एवढ्यासाठी माणूस महिनाभर सायकल मारत चढला.

वाळिंबेबाई न्यायला आल्या. मी पाठ दाखवली.
त्यांनी चष्मा बदलला.
"त्या महिन्यात आई ससूनमध्ये.
भेटायची वेळ चार ते पाच.
दादा घरी यायचे साडेसातला, मोज्यांना कुसळं लागलेली.
मी काढत बसायचे. विचारलं नाही कधी."
मग २९ वर बोट ठेवलं,
आणि ते बराच वेळ तिथून हललं नाही.
मीही काही विचारलं नाही.
दुकानात विचारायची असते लांबी-रुंदी.

म्हटलं, साधी काच लावू नका,
काळ्या चित्रावर आपलंच तोंड दिसतं.
बिनचकाकीची आहे, थोडी महाग पडेल.
"साधीच लावा," म्हणाल्या.

संध्याकाळी चौकट उचलून दारात उभ्या राहिल्या, रिक्षा मिळेना.
पाहिलं तर काचेत मागचे दिवे, बसचा लाल पत्रा,
आणि बाई मान थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे करतायत,
स्वतःच्या चेहऱ्यामागचं पाणी दिसेपर्यंत.